उतारावर ओंडके नकोत

आमच्या चिलोए बेटावर माणसं बिऱ्हाड हलवतात ती घरासकट. टेकडीवरची आमची विहीर आटली, तेव्हा माझ्या बायकोनं, एदुविनानं, ठरवलं की घर खाली समुद्राकाठी न्यायचं. माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं लाकडी घर, निळ्या खिडक्यांचं. ते मोडलं तर आम्हाला दुसरं नव्हतं.

शनिवारी सकाळी सगळं गाव जमलं. खाली किनाऱ्यावर खड्ड्यात दगड तापत होते, त्यांवर कुरांतोच्या गावजेवणासाठी शिंपले अन् बटाटे रचले जात होते. वर आम्ही घराच्या तळाला दोन लांब वासे ठोकले, वाशांखाली लुमाच्या लाकडाचे गोल ओंडके सारले, पुढं सहा बैलजोड्या जुंपल्या. घर निघालं. कडेवर मूल घेतलेल्या बाईसारखं, जपून जपून. मागं सुटलेला ओंडका उचलायचा आणि धावत पुढं नेऊन टाकायचा, हे काम एदुविनाचं. तीस वर्षं ती गावातल्या घरांखाली ओंडके टाकत आली आहे. ओंडका एक पाऊल गडगडतो तेवढ्यात घर दोन पावलं पुढं जातं, हे तिच्या पायांना ठाऊक आहे.

उताराच्या तोंडाशी ती आडवी उभी राहिली.

"थांबा! इथून खाली ओंडके नकोत. वासे गवतावर घासत जाऊ द्या. आणि चार जोड्या मागं बांधा, घर धरून ठेवायला."

बाल्तासार नाहुएलकिन आमचा म्होरक्या. घर ओढताना पुकारा नेहमी त्याचाच. तो हसला. "वहिनी, ओंडके काढले तर घर हलेल का? बैलांचा जीव घेता की काय? मागं एक जोडी लावतो, बास झाली. तुम्ही खाली जाऊन बटाटे बघा."

"बटाटे शिजतील त्यांचे ते, दादा. घर माझं आहे."

"एलादिओ, बायकोला आवर रे!" कुणीतरी ओरडलं. माणसं हसली. माझं तोंड उघडणार, तेवढ्यात एदुविनानं माझ्या पायावर पाय दिला.

तिनं एक ओंडका उचलला, उताराच्या मध्यावर नेला आणि आडवा ठेवून सोडला. तो गडगडत गेला आणि खालच्या कुंपणाला टेकून थांबला. मग तोच ओंडका वर, अगदी माथ्यावर आणला. तसाच सोडला. या वेळी कुंपणाच्या दोन फळ्या कडकन मोडल्या.

"माझं कुंपण!" बाल्तासार किंचाळला.

"उद्या ठोकून देईन. आता हे बघा." तिनं ओंडका पुन्हा माथ्यावर आणला आणि या वेळी उभा, उताराच्या दिशेला तोंड करून ठेवला. तो वीतभर घसरला अन् गवतात रुतून बसला.

"उंची तीच, ओंडका तोच," ती म्हणाली. "माझ्या बापानं बारा जोड्या लावून हे घर खालून वर चढवलं. ते सगळं बळ घरात साठून बसलंय, दादा. खाली येताना घर ते परत देणार. ओंडक्यांवर दिलं तर एकदम देईल, आणि तुमच्या एका जोडीला फरफटत समुद्रात नेईल."

बाल्तासारनं मोडक्या फळ्यांकडं पाहिलं, आपल्या बैलांकडं पाहिलं. बैल त्याचे लाडके. "चार जोड्या मागं घ्या रे," तो म्हणाला, हळू आवाजात.

ओंडके काढून टाकले. दोर ताणले. पुकारा एदुविनानं दिला:

"हळू गं घरा, हळू गं बाई,
समुद्र कुठं पळून जात नाही!"

शंभर गळ्यांनी तो उचलला. मागचे बैल खूर रोवून मागं रेलले, घर हातहात उतरू लागलं. मधल्या कड्यासारख्या तीव्र टप्प्यावर ते एकदा सुटलं. दोर वाजला, बायकांनी डोळे मिटले. वासे गवतात खोल रुतले, मातीत घासले, त्यांच्याखालून धूर निघाला, आणि घर परत बैलांच्या कह्यात आलं. बायका बादल्या घेऊन धावल्या, वाशांवर पाणी ओतलं. चर्र आवाज झाला. बाल्तासारनं वाशाला हात लावला आणि झटक्यानं मागं घेतला.

"भाजलं की हो!"

"बळ बाहेर पडतंय," एदुविना म्हणाली. "असंच, थोडं थोडं."

दुपारी घर वाळूवर टेकलं. एकही काच तडकली नव्हती. बाल्तासार डोक्यावरची टोपी काढून तिच्यासमोर आला. "पुढच्या शनिवारी माझ्या मेहुण्याचं घर उतरवायचंय, वहिनी. पुकारा तुम्ही द्याल?"

"देईन. पण आधी हे सरळ करा, डावीकडं कललंय."

लोक पुन्हा कामाला लागले. मी मात्र कुरांतोच्या खड्ड्याभोवती फिरलो आणि भेटेल त्याला सांगत सुटलो की ती माझी बायको आहे. सगळ्यांना ते ठाऊक होतं. तरी सांगितलं.