रुखवतातली गिटार

भूमिकाचं डोकंच सणकलं. रुखवताच्या टेबलावर, साबुदाण्याच्या तुळशीवृंदावनाशेजारी तिची गिटार उभी होती. सोनेरी ऑइलपेंट फासलेला, जागोजागी आरसे चिकटवलेले, आणि तारा काढून तिथे चक्क साडीला लावतात तो जरीचा गोटा ओढलेला! तिच्या मावशी ताईबाई कौतुकाची वाट बघत उभ्या. असलं जुनाट खोकं जळगावहून धुळ्याला सासरी न्यायचं तर लाज नको का वाटायला, म्हणून त्यांनी जागून जागून ते सजवलं होतं.

खोकं म्हणे! अमळनेरला कॉलेजात असताना तिने ती जुन्या बाजारातून उचलली होती. प्लायवूडची, स्वस्तातली, कंपनीचं नाव पुसलेलं. पण अंग एवढंसं, कमरेला बारीक, मांडीवर घेतली की मांजरासारखी बसायची. नव्या धिप्पाड गिटारी कवेत घेताना भूमिकाचा खांदा भरून यायचा, वर त्यांचा तो घुमणारा आवाज. हिचा कोरडा, नेमका, समोर बसलेल्या माणसापुरता. बघण्याच्या कार्यक्रमात तिने योगराजला एकच अट घातली होती, गिटार सोबत येईल आणि वाजेल. तो हो म्हणाला होता.

होणाऱ्या सासूबाई, कुंदाबाई, रुखवत बघून हरखल्या, सगळ्यात गिटारच त्यांच्या मनात भरली. “बठ्ठा रुखवतमा हाईच भारी शे. शोकेसमा ठेवसूत.”

ती वाजवायची आहे, रंग खरवडून पुन्हा तारा चढवणार आहे, असं भूमिकाने तोंडावर सांगितलं. कुंदाबाई हसल्या. सून गिटार वाजवत बसली तर भाऊबंद काय म्हणतील? ताईबाईंनी मागून चिमटा काढला. भूमिकाने योगराजला निरोप धाडला, तर उलट निरोप आला की आधी लग्न लागू दे, नंतर बघू. नंतर बघू! हो म्हणताना कुठे गेलं होतं हे नंतर?

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट बाजूला होणार, तोच भूमिकाने त्याची कड घट्ट धरली.

“आधी सांगा. शोकेसमध्ये की माझ्या मांडीवर?”

“शोकेसमा,” कुंदाबाईच बोलल्या.

भूमिका थांबली. एवढा राग येऊनही ती थांबली, कारण तिला त्याचं उत्तर हवं होतं. कापडापलीकडे योगराजने घसा खाकरला, बोलला मात्र काहीच नाही.

तिने अंतरपाट स्वतःच ओढून घेतला, त्याची नीट घडी घातली, भटजींच्या हातात दिली आणि रुखवताच्या टेबलाकडे चालू लागली. लोकांच्या मुठीतल्या शेवटच्या अक्षता मुठीतच राहिल्या.