हिरव्या पट्ट्यांचं पिवळं वास्कट

आमचे ऑक्ताव्ह म्हणजे पॅरिसमधले नावाजलेले व्यंगचित्रकार. बायकांची खिल्ली उडवावी तर त्यांनीच! ते दगडावर चित्र काढायचे, त्याचे काळे छाप निघायचे आणि तिसोबाईंच्या दुकानात आम्ही पोरीबाया ते हातानं रंगवायचो. म्हणजे नवऱ्यानं बायकांना नावं ठेवायची आणि बायकोनं त्यात रंग भरायचा. घ्या!

मग मी मनाशी ठरवलं, पुरे झालं, आपलं रंगकाम आता आपल्या दुकानात. गल्लीच्या तोंडाशी मोठ्या काचेची जागाही पाहून ठेवली. पण आमच्या कायद्यानं विधवेला दुकान काढता येतं, लग्नाच्या बाईला नवऱ्याची संमती लागते. तिसोबाई म्हणाल्या, "माझा गेला तेव्हा कुठे मी मालकीण झाले. तुझा तर चांगला ठणठणीत आहे, बाई!"

मी जेवताना विषय काढला. ऑक्ताव्हनी सुपात पाव बुडवला. "म्हणजे उद्या लोक म्हणणार, ऑक्ताव्हच्या घरात बायको विजार घालते न् नवरा घागरा! नाही म्हणजे नाही."

वर त्याचंच चित्र काढलं. विजार घातलेली बाई, तोंडात चिरूट, हातात कुंचला. मागे नवरा बिचारा पाळणा हलवतोय. माझं डोकंच फिरलं. घरी या माणसानं आमच्या ल्युसीच्या पाळण्याला कधी बोट लावलं नव्हतं!

छाप रंगवायला माझ्याच टेबलावर आले. शेजारच्या ऑनोरीननं विचारलं, "नवऱ्याचं वास्कट कुठल्या रंगात गं?"

"पिवळं. त्यावर हिरवे पट्टे."

ती फिस्सकन हसली. तसलं वास्कट अख्ख्या पॅरिसात एकाच माणसाकडे होतं आणि ते घालून तो रोज कॅफेत बसायचा.

शनिवारी तिसोबाईंच्या दुकानाच्या काचेपुढे ही गर्दी! ऑक्ताव्ह तरातरा घरी आले. "कॅफेत वेटर विचारतो, 'साहेब, बाळ झोपलं का?' नाक कापलंस माझं!"

"अहो, चित्र तुमचं. मी आपला नुसता रंग दिला."

"पुढचे छाप काळ्या वास्कटाचे हवेत."

"तिसोबाईंना पिवळंच हवंय, खपतंय ना! माझं स्वतःचं दुकान असतं, तर तुम्ही म्हणाल तो रंग दिला असता."

दोन दिवस कॅफेकडे फिरकले नाहीत. मग दिली संमती.

मी दुकान काढलं, ऑनोरीनही माझ्याकडे कामाला आली. तिसोबाईंनी पहिलं काम पाठवलं ते तेच चित्र. ऑक्ताव्ह खात्री करायला जातीनं आले, पिवळं वास्कट घालून, छाती काढून. मी रंगवत होते ते वास्कट काळं कुळकुळीत. स्वारी खूश! तेवढ्यात कोपऱ्यातल्या पाळण्यात ल्युसीनं भोकाड पसरलं.

"अगं, घे ना तिला!"

"हात बघा माझे, रंगानं बरबटलेत. एक थेंब पडला तर तुमचंच चित्र वाया."

ऑनोरीननंही आपले निळे हात वर करून दाखवले. ऑक्ताव्ह चरफडत बसले आणि पाळणा हलवू लागले. ल्युसी गप्प झाली. ते थांबले की पुन्हा सुरू. पोरगी माझीच.

बाहेर लोक काचेशी वाळत टांगलेलं चित्र बघत होते. एकानं चित्राच्या वरून आत डोकावलं. मग त्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं. बघता बघता काचेला नाकं चिकटली.

मी मान वर केली नाही. वास्कट काळंच रंगवत राहिले. शब्द म्हणजे शब्द.