मूठ सोडायची कशी

फिटरला प्लास्टिकचा पेला न चेपता धरता आला आणि गडी हवेतच गेला. कारखान्यात तुटलेल्या हाताच्या जागी कोपराखाली बसवलेला तो बॅटरीवरचा कृत्रिम हात त्याने ऐटीत बायकोपुढे केला. "दे हात. बघू तरी!"

"आज फक्त पेला, भाऊ," मास्तरीणबाई म्हणाल्या. दवाखान्यात असे हात चालवायला शिकवायच्या, म्हणून सगळे पेशंट त्यांना मास्तरीणबाईच म्हणत. पण ऐकेल तो फिटर कसला! अपघातानंतर नवरा पहिल्यांदाच हात मागतोय म्हटल्यावर बायकोनेही आपला उजवा हात दिला. शिलाईच्या कारखान्यात राबून घर चालवणारा हात होता तो.

बोटं अलगद मिटली. "दुखतंय हो थोडं," ती म्हणाली, आणि फिटर घाबरला.

तिथेच घोटाळा झाला. या हाताला मालकाचं मन कुठलं कळायला! त्याला कळतात ते उरलेल्या हाताचे स्नायू. आतला आवळला की मूठ मिटते, बाहेरचा आवळला की उघडते. आणि घाबरलेल्या माणसाचं तर सगळंच आवळतं. मूठ आणखी घट्ट झाली.

"अहो, सोडा ना!"

"सोडतोय गं! ऐकतच नाही लेकाचा!"

बायकोची बोटं पांढरी पडली. फिटरने डावा हात बॅटरीच्या बटणाकडे नेला, तशा बाई ओरडल्या, "बंद करू नका! आहे तसाच अडकेल तो! मनगट मागे वळवा, मनातल्या मनात, म्हणजे बाहेरचा स्नायू आवळेल. शिकवलंय ना!" आणि हात खोलायचा पाना शोधायला त्या कपाटाकडे धावल्या.

कुठलं मनगट! ते यंत्राने केव्हाच खाल्लं होतं.

बायकोने ओठ दातांखाली दाबला. "इकडे बघा. सकाळ झालीय समजा. मी तुमच्या शर्टाची बटणं लावायला आलेय. काय करता तुम्ही तेव्हा?"

फिटरला कळलं. बटण लावायला, घास भरवायला तिने हात पुढे केला की तो उरलेला थोटा हात मागे झटकून तिला झिडकारायचा. मग ती मुकाट्याने स्वयंपाकघरात जायची.

"करा ना! रोज करता, आजच का लाजताय?"

"राहू दे," तो कसाबसा म्हणाला.

"असं मुळमुळीत नको. रोजच्यासारखं!"

"राहू दे! मला येतं!" तो खेकसला, आणि नसलेलं मनगट मागे झटकलं गेलं. बोटं खाडकन उघडली.

बाई पाना घेऊन धावत आल्या. "कसं सोडलंत?"

बायको लाल झालेली बोटं चोळत होती. फिटरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चुकलंच गं माझं," तो म्हणाला. "आजचंच नाही, सगळंच."

तिने बोटं वाकवून पाहिली. वाकत होती. मग तिचं लक्ष त्याच्या गळ्याशी गेलं. वरचं बटण उघडंच होतं. ती पुढे सरकली आणि लावू लागली. दुखऱ्या बोटांनी वेळ लागत होता. तो हलला नाही.