विटांवर पसरलेली साखर

मित्रांनो, माझ्या पोटात पंधरा किलो तेल होतं तेव्हा माझ्या अंगावर एक पिवळं सूर्यफूल छापलेलं होतं. ते आता घासून गेलं. आता मी पत्र्याचा जुना पिपा आहे, एका बाजूने चेपलेला. माझी गोष्ट ऐकून तुम्हाला छान वाटणार नाही, हे आधीच सांगतो. छान वाटावं म्हणून मी ती सांगतही नाही.

तेल संपल्यावर यवतमाळच्या बाजारात एका कारागिराने माझं तोंड कापलं. कुणाचा हात चिरू नये म्हणून कडा आत दुमडल्या, वर झाकण बसवलं, झाकणाला कडी लावली. तुळसाबाईने मला विकत घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून कळंबपर्यंत आणलं. पुढे गाव दोन कोस. ते ती मला डोक्यावर घेऊन चालली.

तिच्या घरात मी मानाने राहिलो. माझ्यात तुरीची डाळ असायची, उन्हाळ्यात कुरडया असायच्या. तळाशी कडुनिंबाचा पाला. या पिप्यात कीड लागत नाही, असं ती शेजारणींना सांगायची आणि मला माझ्या पत्र्याचा अभिमान वाटायचा. पण कीड नेहमी धान्यालाच लागते असं थोडंच आहे?

तुळसाबाईचा मुलगा धम्मरत्न. मिस्त्री. त्याने बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावून बघा, दोरा सुताएवढाही हलायचा नाही. आणि हाच माणूस संध्याकाळी सरळ उभा राहू शकत नव्हता. मोहाची दारू. एकदा तो मला डाळीसकट खांद्यावर घेऊन गेला आणि रिकामा घेऊन परत आला. उंबऱ्यात पडला, मी त्याच्याखाली. माझी बाजू चेपली ती तेव्हा. त्याची बायको साधना हिने आतून मुसळीने ठोकून पाहिलं. पोचा काही पूर्ण निघाला नाही. त्या दिवशी घरात डाळ शिजली नाही.

मागच्या वर्षी तो कामावर असताना मचाणावरून पडला. डॉक्टरांनी सांगितलं, हाड जुळेल, पण दारू सुरू राहिली तर लिव्हर जुळणार नाही. तो घाबरला. गावच्या विहारात वंदना सांगणाऱ्या डोमाजी काकांसमोर बसून त्याने पंचशील पुन्हा घेतलं. पाचवं शील दारूचं. ते म्हणताना त्याचा आवाज फाटला, असं तुळसाबाई घरी येऊन सांगत होती.

पहिले दिवस वाईट गेले. हात थरथरायचे, अंगाला घाम सुटायचा. तुळसाबाईला जुन्या बायांचा एक उपाय माहीत होता. तलफ आली की तोंडात गुळाचा खडा. तिने माझ्यात गूळ भरून ठेवला. थरथर सुरू झाली की ती माझं झाकण उघडायची आणि खडा त्याच्या जिभेवर ठेवायची, लहान बाळाला द्यावा तसा. आणि उपाय लागू पडला. तो प्याला नाही. एक महिना, दोन महिने, सहा महिने. मी गुळाने चिकट झालो होतो, पण मला वाटायचं, मी एका माणसाला वाचवतोय.

मूर्ख होतो मी. घरातले सगळेच होते.

एका खड्याचे चार झाले. मग गुळाबरोबर शेंगदाणे, मग रात्रीचा उरलेला भात, मग पावाची अख्खी लादी. साधना कामावर गेली आणि तुळसाबाई शेजारी गेली की तो यायचा. बसायचा नाही. उभ्यानेच खायचा. उघडलेलं झाकण गुडघ्याने माझ्या अंगाला दाबून धरायचा, ते वाजू नये म्हणून. हात कोपरापर्यंत माझ्यात. चावणं नाही, चव नाही. नुसतं कोंबणं. घशाखाली जात नसलं की पाण्याचा घोट, आणि पुन्हा मूठ. डोळे दाराकडे. मित्रांनो, भूक लागलेला माणूस मी पाहिलेला आहे. तो असा खात नाही. भुकेल्या माणसाचं तोंड खाताना सैल पडतं. याचं तोंड आवळलेलं असायचं, जसं पूर्वी गुत्त्यावरून परतताना असायचं.

खाऊन झालं की तो भिंतीला टेकून बसायचा आणि पोटावर बुक्की मारून घ्यायचा. एकदा, दोनदा. मग तोंड धुऊन बाहेर.

घरात काही उरत नाही, हे साधनाला कळत होतं. त्याचं पोट सुटलं होतं, सदऱ्याच्या गुंड्या लागत नव्हत्या. मोरीत मुंग्यांची रांग लागायला लागली. साखर सांडली असेल म्हणून तिने मोरी दोनदा धुतली. साखर सांडली नव्हती. तो जिथे लघवीला बसायचा तिथेच मुंग्या होत्या. पण ती रोज संध्याकाळी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची आणि वास आला नाही की झोपायची. शेजारीपाजारी तिला एकच सांगायचे, खाऊ दे ना बाई, दारू तर नाही ना पेत. लग्नात, तेरवीत, जिथे जाईल तिथे त्याच्या पानात दुप्पट वाढायचे आणि पाठ थोपटायचे. दारू तर नाही ना. या चार शब्दांनी त्या माणसाचं जेवढं वाटोळं केलं तेवढं कोणत्या शिवीने केलं नसेल.

मग बुद्ध पौर्णिमा जवळ आली. आमच्या गावात त्या दिवशी विहारात खीर होते, आणि खिरीची साखर घरोघरून येते. प्रत्येक घराची एक वाटी. गरीब असो की नोकरीवाला, वाटी एकच. ती सगळी साखर महिनाभर आधी एका घरी जमा होते. यंदा डोमाजी काका म्हणाले, ज्याने वर्षभर पाचवं शील पाळलं त्याच्या घरी साखर ठेवायची. मान म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुळसाबाईने मला राखेने घासून चकचकीत केलं आणि अभिमानाने पुढे केलं. धम्मरत्नने नको म्हणायला तोंड उघडलं होतं. ते कोणाला दिसलं नाही. काय म्हणणार होता तो? मी दारू सोडली, पण साखरेजवळ मला बसवू नका?

काठोकाठ भरलो मी. सबंध गाव माझ्यात होतं.

तीन दिवस त्याने मला हात लावला नाही. चौथ्या दिवशी दुपारी आला, झाकण उघडलं, बंद केलं, दाराबाहेर गेला, परत आला. उन्हाळा होता, पाण्याची टंचाई म्हणून गावातली बांधकामं बंद होती. साधना रोजगार हमीच्या तळ्यावर. त्याने एक मूठ घेतली. मग मला दुसरी आठवते, तिसरी आठवते, पुढच्या नाही आठवत.

रोज पातळी उतरायला लागली. आणि मग त्याने जे केलं ते फक्त मिस्त्रीच करू शकतो. घराच्या जोत्याखाली करतात तसं त्याने माझ्या तळाशी भराव घातला. साखर परातीत काढली, अर्ध्या विटांचे तुकडे माझ्यात रचले, बोटाने चाचपून एकही फट ठेवली नाही. त्यावर सिमेंटच्या पोत्यातला प्लास्टिकचा कागद आणि कागदावर साखर. वरून हात फिरवून ती सारखी केली, गिलावा करावा तशी. पाच-सहा दिवसांनी आणखी एक थर. त्याचे हात तेव्हा जराही थरथरत नव्हते. त्या हातांची मला भीती वाटली. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही, आणि पिपा असण्याचा राग मला त्या दिवसांत आला तेवढा कधी आला नाही.

पौर्णिमेच्या सकाळी विहार समितीचा अध्यक्ष संघदीप मला न्यायला आला. मला खांद्यावर घेताना तो वाकला. यंदा गावाने हात सैल सोडलेला दिसतो, असं काहीतरी हसून म्हणाला. धम्मरत्न मागे मागे चालत होता. त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, महिनाभर येत होत्या, तरी तो चालत होता. पळून गेला असता तर गेला असता. गेला नाही.

विहाराच्या अंगणात मोठ्या कढईत दूध उकळत होतं. बायका तांदूळ घेऊन बसल्या होत्या, मुलं रांगेत. डोमाजी काकांनी कडी काढली आणि वाटी माझ्यात घातली. पहिली वाटी भरून आली आणि परातीत गेली. दुसरी भरून आली. अशा कितीतरी आल्या. मग वाटी अडकली. त्यांनी जोर लावला. कर्र असा आवाज झाला, कागद फाटला, आणि वाटीत साखरेबरोबर विटेचा लाल तुकडा वर आला.

दूध उतू जायला लागलं तरी कोणी हललं नाही.

संघदीपने मला जमिनीवर पालथं केलं. विटा धडाधड पडल्या. तो धम्मरत्नकडे वळला.

"विकली ना भाऊ साखर? दारूवर घातली ना?"

धम्मरत्नने खाली पाहिलं आणि मान हलवली.

"हो. पेलो."

मित्रांनो, मला वर्षभर सगळं माहीत होतं आणि तरी हे ऐकून माझा पत्रा तडकेल असं वाटलं. तो प्याला नव्हता. एक थेंबही नाही. आणि तो गावासमोर कबूल करत होता की प्यालो. आता इथून तो कुठे जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं. विहाराच्या फाटकातून सरळ गुत्त्यावर. ज्याला प्यायलेला ठरवलं, त्याला न पिऊन काय मिळणार होतं?

तो फाटकाकडे निघालाही. साधना तांदळाची परात ठेवून उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती ओरडली नाही.

"रोज वास घेतला म्या तुमच्या तोंडाचा. दारू नाही पेले तुमी. खोटं कायले बोलून राह्यले?"

तो तिला चुकवून बाजूने जायला लागला. तिने पुन्हा विचारलं. मग त्याने जे सांगितलं ते इतक्या हळू की पुढच्या चार माणसांनाच ऐकू आलं असेल, आणि मला.

"खाल्ली म्या. मुठीमुठीनं खाल्ली. दारू पेलो म्हनलं त लोक शिव्या देतात. चोरून साखर खाल्ली म्हनलं त हासतात. शिव्या मले चालतात."

आणि लोक हसले. सगळे नाही, पण हसले. दाढीमिशा आलेला माणूस, म्हणे साखर खातो. मी ते चेहरे पाहिले आहेत आणि विसरणार नाही. जे हसले त्यांच्यातल्या निम्म्यांनी त्याच्या पानात दुप्पट वाढलं होतं.

तुळसाबाई मात्र रडतच उठली. "त्याले हासू नका. गुळाचा पहिला खडा म्या देल्ला," ती म्हणाली. तेव्हा हसणं थांबलं.

डोमाजी काकांनी वाटीतला विटेचा तुकडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पाचवं शील सांभाळता सांभाळता दुसरं मोडलं, धम्मरत्न. चोरी झाली. पन ते आपन पायरीपायरीनं पाहू. साखर तुह्याकडे ठेवाची अक्कल आमचीबी होती." त्यांनी परातीत आलेली साखर कढईत ओतायला सांगितली. कमी गोड तर कमी गोड. संघदीप तोंड वाकडं करून विटा गोळा करत होता. त्याने काही माफ केलं नव्हतं, आणि का करावं? त्याच्या घरचीही एक वाटी होती.

खीर झाली तेव्हा धम्मरत्न फाटकाजवळच उभा होता. डोमाजी काका त्याच्यासाठी एक वाटी घेऊन गेले. भरलेली नाही, अर्धी.

"उभ्यानं नको खाऊ. पंगतीत बस, माह्याजवळ. आनं चावून खा."

ती अर्धी वाटी संपवायला त्याला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी साधना त्याला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. रक्तातली साखर फार वाढलेली निघाली. तिथल्या डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. दारू सुटली की अनेकांचं शरीर गोड मागतं, असं अधाशी खाणं बऱ्याच जणांना लागतं, त्याची लाज धरून लपवलं की ते वाढतं, हे त्यांनी सांगितलं. उपाशी राहून भरपाई करायची नाही, वेळेवर जेवायचं, कोणाबरोबर तरी बसून जेवायचं, आणि जे झालं ते सांगायचं. गोळ्या दिल्या, दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. हे सगळं साधना तुळसाबाईला सांगत होती आणि मी कोपऱ्यातून ऐकत होतो. तुळसाबाई माझ्यासाठी कुलूप आणायला निघाली होती. साधनाने तिला थांबवलं. कुलूप लावलं तर तो दुसरीकडे जाऊन खाईल आणि आपल्याला कळणारही नाही, असं तिचं म्हणणं.

तो बरा झाला, असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. मागच्या सोमवारी दुपारी तो एकटा घरी होता. माझ्यात फुटाणे होते. त्याने झाकणावर हात ठेवला आणि किती वेळ तसाच उभा राहिला. मग उघडलं. एक मूठ, दोन मुठी, तोंड आवळलेलं. तिसरी मूठ त्याने भरली आणि परत माझ्यात सोडली. तो घाईने बाहेर पडला, झाकण उघडंच टाकून. मला वाटलं, विटा आणायला गेला.

संध्याकाळी कळलं. तो उन्हात तळ्याच्या कामावर गेला होता, साधनाकडे. बाकीच्या बायका ऐकत असताना म्हणाला, आत्ता दोन मुठी खाल्ल्या, तिसरी सोडून आलो. एक बाई फिसकन हसली. साधनाने फावडं ठेवलं, भाकरीचं फडकं सोडलं आणि अर्धी भाकर त्याच्यापुढे केली.

मित्रांनो, तुमच्याही घरात, गल्लीत कोणीतरी दारू सोडलेली असेल. त्याचं कौतुक करा, पण कौतुक म्हणून त्याच्या ताटात ढीग लावू नका. दारू तर नाही ना, असं म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नका. आज कसं गेलं, हे विचारा आणि तो सांगेल ते ऐकून घ्या. आणि तो सांगत असताना तुमच्यातला जो हसेल, त्याने एवढं लक्षात ठेवावं, की त्या हसण्यापेक्षा माणसाला विटा रचणं सोपं वाटतं.