शेडमागं गेलो की वाजणारा भोंगा

मी कुशाबा, घोटावड्याच्या प्लास्टिक कारखान्यात वायरमन. सगळी मला मिस्त्री म्हणत्यात, आन् मिस्त्रीच्या नजरंतनं काय सुटत न्हाई असा माझा तोरा.

शहाऐंशी साली नवी लाइन आली. म्होरच्या मोटारीनं प्लास्टिकचा कागद सोडायचा, मागचीनं त्याच चालीनं ओढायचा. एकीचा वेग दुसरीला कळवायला मोटारी चालवणाऱ्या दोन ड्राइव्हच्या डब्यांमधी सिग्नलची बारीक वायर. ती गोंधळली की भोंगा वाजायचा, मोटारी बंद पडायच्या, आन् कागद टराटरा फाटायचा.

हप्ताभर रोज जेवणाच्या सुट्टीत हेच. तेव्हा मशीनवर पौडचा जैनुद्दीन असायचा. तीन वर्सं टेंपररी, घरात चार खाणारी तोंडं, महिनाअखेर पर्मनंट व्हणार व्हता. मी वायर तपासली, टोकं आवळली, ड्राइव्हमधलं कार्ड बदललं. दोष कुटंच न्हाई. बरं, मी आत उभा असलो की भोंगा गप. शेडमागं गेलो की लागला वाजायला! धावत यावं तर हा पॅनेलपुढं, नजर खाली घालून. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! वा रं पठ्ठ्या, म्हणलं, माझी पाठ फिरायची वाटच बघतोस व्हय?

साहेबाला चिठ्ठी दिली, जैनुद्दीन मुद्दाम वायर हलवतोय. साहेब म्हणाले, "उद्या त्याला काढतो."

त्या दुपारी मशीनवर हेल्पर गेणबाला बसवलं, आन् जैनुद्दीनला नजरंखाली ठेवायचं म्हणून शेडमागं नेलं. तितं माझं रोजचं काम. गावातलं कुणी नांगराचा फाळ आणायचं, कुणी बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव, आन् मी सुट्टीत वेल्डिंग मारून द्यायचो. गाववाल्याला न्हाई कसं म्हणायचं? वेल्डिंगची एक वायर शेडच्या खांबाला चिमटवली, "खांबाला टेकवून धर हा फाळ" म्हणलं आन् कांडी टेकवली.

आत भोंगा वाजला.

जैनुद्दीन खांबाकडं बघत ऱ्हायला. "मिस्त्री, पुन्यांदा टेकवा."

टेकवली. भोंगा. मंग त्यानं खांबाचा चिमटा काढून फाळालाच लावला. टेकवली, तर आत गप!

सिग्नलच्या वायरीचं अर्थिंग त्याच खांबाला, ते बी म्याच जोडलेलं. वेल्डिंगचा करंट तितनं शिरत व्हता. अशी लाज वाटली, की धरणी पोटात घेईल तर बरं.

"चिठ्ठी गेली का वर?" त्यानं इचारलं. म्हंजे त्याला समदं ठावं व्हतं.

तसाच हापिसात पळालो, साहेबाला सगळं सांगितलं. चिठ्ठी फाटली, पर मला मिळणारी फोरमनकी बी गेली. जैनुद्दीन पर्मनंट झाला. त्यानं पेढं वाटलं, मला बी एक दिला.

आता मी कुटल्या बी वायरीला हात लावला की तो हातातलं काम सोडून येतो आन् माझ्या मागं उभा ऱ्हातो. मी काय जोडतोय ते बघत. त्याला हटकू तरी कुटल्या तोंडानं?