तक्त्याच्या काठावरची लाल टिकली

मी एक जुना पुठ्ठ्याचा तक्ता आहे, मित्रांनो. जन्माने खोकं! शहाण्णव साली सुनीलने मला अंबडच्या कारखान्यातून घोटीजवळच्या आपल्या गावी आणलं. त्याच्या बायकोने, मोहिनीने, कात्री चालवली, खाली महिने लिहिले आणि मला पडवीत टांगलं.

नाशिकच्या पक्षीमित्रांनी गावोगावच्या लोकांकडून गिधाडांच्या नोंदी मागवल्या होत्या. सुनीलची आई वत्सलाबाई दर रविवारी कड्याखाली जाऊन गिधाडं मोजून यायची. जेवढी दिसतील तेवढ्या लाल टिकल्या त्या महिन्यावर, एकावर एक. नवरा गेल्यापासून तिची टिकल्यांची पाकिटं तशीच पडून होती, ती माझ्या कपाळी आली. काय माझा थाट सांगू! ते उंच खांब बघायला शेजारपाजार लोटायचा.

पुढे खांब बुटके होत गेले. मग एखाद्या रविवारी वत्सलाबाई एकही गिधाड न दिसता परतू लागली. त्या रविवारी ती काहीच लावायची नाही.

एकदा पक्षीमित्र इनायतभाई आले. कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "मावशी, आम्ही समजलो, तुम्ही जायचं सोडलं."

"सोडते कशाला? दर आयतवारी गेले. पन नाय दिसली, हे भरल्या घरात कसं मांडू? अभद्र!"

"गिधाडं कमी झाली, हे न मांडल्यामुळे आम्हाला कळलंच नाही हो," इनायतभाई हळहळले.

वत्सलाबाईचा चेहरा उतरला. तेव्हा मोहिनीने आपल्या काळ्या टिकल्या पुढे केल्या. "आत्या, ही तीट समजा. लेकराला लावतो ना, तशी. गिधाडांना दृष्ट नको."

तेव्हापासून रिकाम्या रविवारची एक काळी टिकली. पुढे पक्षीमित्रांनी सगळ्या गावांचे तक्ते शेजारी शेजारी मांडले, तर सगळीकडेच लाल खांब उतरत गेलेले. म्हणजे वत्सलाबाईची नजर कमी पडली नव्हती, गिधाडंच कमी झाली होती.

आता माझ्यावर तीटच तीट. बघायला कोणी फिरकत नाही. कोपरा वाळवीने खाल्ला, मेलीला दुसरं काही मिळालं नाही! पडवीतून आभाळात दिसणाऱ्या त्या संथ घिरट्या मला फार आठवतात.

मित्रांनो, डोळे उघडे ठेवा. दिसलं ते मांडा आणि नाही दिसलं तेही मांडा. आणि माझ्यासारखे जुने तक्ते चुलीत घालू नका, बाबांनो.

वत्सलाबाई थकली, तरी काठी टेकत कड्याखाली जाते. शेवटची लाल टिकली तिने माझ्या काठाला चिकटवून ठेवली आहे, बायका आरशाला लावून ठेवतात तशी.

"ऱ्हाऊ दे तिथंच," ती मोहिनीला बजावते. "आलं एखादं, तर ऐन वेळेला शोधत कुठं बसू?"