बिनमोरचुदाची खळ

पितांबरभाईने मोटारीची गादी शिवायला मेहबूबलाच बोलावलं, याला म्हणतात आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. पण पैसेवाल्याला वाटतं, एकदा लुबाडलेला माणूस कायमचा संपला. संपतो कशाला? चार वर्षं मेहबूब सारंगखेड्यातच घोड्यांची खोगिरं शिवत बसला होता आणि टाक्याटाक्याला पितांबरभाईच्या नावाने बोटं मोडत होता.

गोष्ट तशी सरळ. मेहबूबच्या आजाने कुणा जहागीरदाराला असं खोगीर शिवून दिलं होतं, की त्याने खूश होऊन बाजारतळाजवळची जागा बक्षीस दिली, शिक्का मारलेल्या कागदासकट. जाड, भुरा कागद, त्यावर मोडी अक्षर. त्याची दुसरी नक्कल कुठल्याही कचेरीत नव्हती. एकोणसाठ साली तापी फुगायला लागली, तेव्हा मेहबूबने तो कागद उंचावर राहणाऱ्या पितांबरभाईकडे नेऊन ठेवला. मोठा गुजर शेतकरी, केळीचे मळे, घरात लोखंडी तिजोरी. भरवसा ठेवायचा तर आणखी कुणावर? पुरात मेहबूबचं त्या जागेवरचं घर बसलं. पाणी उतरल्यावर तो कागद मागायला गेला, तर पितांबरभाई झोपाळ्यावरून न उठता म्हणाला, "तुन्हा कागद पूरमा गया. तापीले इचार."

आता पुराचं पाणी ह्याच्या ओट्याच्या पायरीलासुद्धा शिवलं नव्हतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण गाव बोलतंय कशाला? निम्मं गाव त्याच्याच मळ्यात कामाला. पुढच्या साली त्या जागेवर पितांबरभाईची पत्र्याची शेड उभी राहिली आणि शेडीत काळी जुनी मोटार. मेहबूबची आई समोरच्या भाड्याच्या पडवीत खाटेवर पडून त्या पत्र्यांकडे बघत बघत गेली. त्या दिवशी मेहबूबने ठरवलं, ह्या माणसाचंही काहीतरी असंच जायला पाहिजे, डोळ्यांदेखत.

आणि त्रेसष्ट सालच्या वैशाखात पितांबरभाई आपल्या पायांनी चालत आला. धाकट्या भावाशी, भटूशी, त्याच्या वाटण्या चालल्या होत्या. भटूची बायको जसोदाबाई मोठी हुशार, तिजोरीच्या किल्लीवर तिचा डोळा. एकत्र घरातल्या उत्पन्नातून पितांबरभाईने गुपचूप आपल्या एकट्याच्या नावावर शेतं घेतली होती, भावाला सुगावा नको म्हणून कचेरीत न नोंदवलेली त्यांची खरेदीखतं घरात ठेवायची त्याची छाती होईना. मोटार मात्र त्याच्याशिवाय कुणी हाकत नव्हतं आणि तिची किल्ली चोवीस तास त्याच्या करदोड्याला. तेव्हा मागच्या गादीच्या पोटात एक चोरखिसा करून दे, त्यात कागदांचं पुडकं ठेवून वरून शिवून टाक, असं त्याने मेहबूबला सांगितलं. वर म्हणतो कसा, तुझ्यासारखा छुपा टाका जिल्ह्यात कुणाला येत नाही. कौतुक करत होता, बेशरम!

मेहबूब हो म्हणाला. इतक्या मऊ आवाजात, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

खोगिराचं अस्तर चिकटवतात गव्हाच्या पिठाच्या खळीने. ती खळ म्हणजे उंदरांची मेजवानीच, म्हणून तिच्यात मोरचूद घालायचा. त्या विषाला मग उंदीर तोंड लावत नाही. मेहबूबच्या घरात तीन पिढ्या बिनमोरचुदाची खळ कधी शिजली नव्हती. त्या दिवशी शिजली, चोरखिशाच्या अस्तरासाठी. वर मूठभर गूळ पडला. मोरचुदाने खळ निळसर दिसते, हे पितांबरभाईला माहीत होतं, म्हणून धुण्याची नीळ चिमूटभर कालवली. पितांबरभाई खाट टाकून शेवटच्या टाक्यापर्यंत राखणीला बसला होता. पुडकं त्याने स्वतःच्या हाताने खिशात सारलं, जुन्या धोतरात गुंडाळलेलं. खळीचा रंग बघून मान डोलावली.

मग पाऊस. काळी माती अशी चिकटते, की दसऱ्यापर्यंत मोटार शेडीबाहेर निघायची नाही. चार महिने ती उभी राहणार होती, मेहबूबच्याच जागेवर, गुळाच्या वासासकट.

त्याच्या बायकोला, मेहरुन्निसाला, गूळ कमी झालेला दिसला आणि तिने सगळं काढून घेतलं. ती रागावली नाही. तिचं म्हणणं एवढंच, की शिक्क्याचा कागद इथं कुणी जाळत नाही, जाळला तर घरादाराला लागतं अशी भीती. म्हणजे आपला कागद त्याच्याकडे असलाच पाहिजे. आणि तो भावाच्या नजरेपासून लपवायच्या कागदांतच असणार. तुमचाच टाका आहे, एक दोरा ओढला की उसवेल, असं ती रोज सांगायची. "पहले देख तो लो जी," एवढं तिचं पालुपद.

मेहबूब तिला उडवून लावायचा. ज्याने पचवला तो जपून ठेवेल होय? शिवाय चोरी पकडली गेली तर तुरुंग. पण खरं सांगायचं तर त्याला आता कागद नकोच होता, त्याला पितांबरभाईचं तोंड बघायचं होतं. रात्री पत्र्यावर पाऊस वाजला, की त्याला गादीत दात चालल्यासारखं वाटायचं आणि गाढ झोप लागायची.

दसऱ्याला मोटारीला झेंडूची माळ चढली. दिवाळीनंतर शहाद्याच्या कोर्टात वाटणीच्या दाव्याची तारीख निघाली, तशी मोटारीचीही झडती होईल या भीतीने पितांबरभाईने गादी उसवायला मेहबूबला बोलावलं. शेडीचं दार आतून लावून घेतलं. मेहबूबने दोरा ओढला. आतून आधी वास आला, मग दोन उंदीर त्याच्या हातावरून पळाले, आणि खिशातून निघालं ते उंदरांचं घरटं. धोतराच्या चिंध्या, स्टॅम्पाच्या कागदाचा भुगा. एक ओळ सलग वाचता येईल एवढाही तुकडा नव्हता.

पितांबरभाई खाली बसला. भुग्यात बोटं घालून चाळत राहिला, तांदळातले खडे शोधावेत तसा. मग त्याने विचारलं, "खळमा मोरचूद टाका व्हता ना रे?"

चार वर्षं ह्या घटकेसाठी मेहबूबने ते वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं. तो त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मोरचूद पूरमा गया, पितांबरभाई. तापीले इचार."

काय थंडावा वाटला त्याला! समोरचं तोंड राखेसारखं झालं होतं. मेहबूबने ते डोळे भरून बघितलं आणि उठायला लागला.

तेव्हा पितांबरभाईने मूठ त्याच्यापुढे केली आणि उघडली. पांढऱ्या भुग्यात एक जाड, भुरा तुकडा होता, नखाएवढा, त्यावर अर्धा शिक्का. पितांबरभाई हसला, दात विचकून.

"हाऊ भुरा दिसस ना, तो तुन्हाच शे. येवढा मात्र उरना. धर."

मेहबूबने तो घेतला. शेडीतून बाहेर आला, आपल्याच जागेवरून चालत रस्ता ओलांडला. मेहरुन्निसा पडवीत उभीच होती. उंदरांनी सगळं खाल्लं, पितांबर बुडाला, हे त्याने सांगितलं. ती खूश झाली नाही. तिने एकच विचारलं, "और अपना कागज?"

मेहबूबने तुकड्यावरची मूठ घट्ट केली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "वो तो पूर में गया था ना. तापी को पूछ."